टग ओळखावा कसा? बंदरातील ओढनौकांची वर्गवारी

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे धावणारी तापी, अशा या मुलखातील माणसाचा जहाजांशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. येथे पिकणाऱ्या मालाचा मात्र समुद्राशी संबंध फार जुना आहे. एके काळी तापीच्या मुखावरील सुरत हे खानदेशच्या व्यापाराचे सागरी द्वार होते. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला आणि खानदेशचा कापूस मुंबई बंदराकडे वळला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले व कंटेनरमधून होणाऱ्या निर्यातीला राज्यातच एक आधुनिक दार मिळाले. २०१६ साली ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

परदेशी जाणारी ही केळी हिरवीच काढावी लागतात आणि शीतकंटेनरमध्ये १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. तापमान त्याखाली गेले तर साल काळवंडते, वर गेले तर घड वाटेतच पिकू लागतो. अशा मालाच्या दृष्टीने प्रत्येक दिवस मोलाचा असतो. बागेतून केळी वेळेवर निघाली, महामार्गावर खोळंबा झाला नाही, बंदरावरील सोपस्कारही पार पडले, तरी एक टप्पा शिल्लक राहतो. तो म्हणजे जहाज धक्क्याला लागणे आणि धक्क्यावरून सुटणे. हा टप्पा ज्यांच्या बळावर पार पडतो, त्या लहान पण दणकट नौका म्हणजे ओढनौका. बंदरावरील खलाशी त्यांना ‘टग’ म्हणतात आणि हाच शब्द आता मराठीत रुळला आहे.

दुरून पाहणाऱ्यास सगळे टग सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यात रचनेचे, शक्तीचे आणि कामाचे मोठे भेद आहेत. एकाचे काम दुसऱ्याला सोपविले तर काम बिघडते. प्रसंगी माणसेही दगावतात. म्हणून टगचे प्रकार ओळखणे हा केवळ कुतूहलाचा विषय उरत नाही.

महाकाय जहाज परावलंबी का होते?

जहाजाचे सुकाणू पाण्याच्या प्रवाहावर चालते. जहाज वेगात असते तेव्हा सुकाणूवरून पाणी जोराने वाहते आणि जहाज वळते. धक्क्याजवळ येताना वेग कमी करावाच लागतो. वेग कमी झाला की सुकाणूची पकड सुटते. भर समुद्रात दिमाखाने चालणारे तीनशे मीटर लांबीचे जहाज बंदरात शिरताना जवळजवळ परावलंबी होते ते यामुळे.

त्यात वाऱ्याची भर पडते. डेकवर कंटेनरची उतरंड रचलेल्या तीनशे मीटर लांबीच्या जहाजाची वाऱ्याला सामोरी जाणारी बाजू ढोबळमानाने ९,००० चौरस मीटर धरता येईल. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा आडवा आला तर त्या बाजूवर सुमारे ५५ टनांचा दाब पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला, तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही. तो चौपट, म्हणजे सुमारे २२० टन होतो. प्रत्येकी ६० टन जोर लावणारे दोन टग पहिल्या वाऱ्यात जहाज सहज सांभाळतील. दुसऱ्या वाऱ्यात ते अपुरे पडतील. किती टग लावायचे आणि जहाज आत घ्यायचे की बाहेरच नांगरून ठेवायचे, हा निर्णय अशाच हिशेबावर होतो. मुंबईच्या इंदिरा गोदीत तर जहाजाला सुमारे ३० मीटर रुंदीच्या जलपाशातून आत यावे लागते. तेथे काही मीटरांची चूकही परवडत नाही.

टगचा उगम

वाफेचे इंजिन येण्यापूर्वी वारा पडला की शिडाची जहाजे बंदराच्या तोंडाशी अडकून पडत. कधी वल्हवणाऱ्या होड्या त्यांना ओढून आत आणीत. १७३६ साली इंग्लंडमधील जोनाथन हल्स याने वाफेवर चालणाऱ्या ओढनौकेच्या कल्पनेचे एकस्व मिळविले, पण ती कल्पना त्या वेळी व्यवहारात उतरली नाही. विल्यम सायमिंग्टन याने घडविलेल्या ‘शार्लट डंडस’ या वाफेच्या नौकेने १८०३ मध्ये स्कॉटलंडमधील फोर्थ-क्लाइड कालव्यावर प्रत्येकी सुमारे ७० टनांचे दोन तराफे समोरच्या वाऱ्यावर मात करीत सुमारे ३० किलोमीटर ओढून नेले. लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील अशी भीती मालकांना वाटली आणि प्रयोग तेथेच थांबला. परंतु तत्त्व सिद्ध झाले होते. पुढे वल्ह्यांची चाके गेली, पाण्याखालचा मळसूत्री पंखा आला. वाफ गेली, डिझेल आले. टगचा इतिहास म्हणजे थोड्या जागेत अधिक जोर आणि तो जोर हव्या त्या दिशेला लावण्याची सोय, या दोन गोष्टींच्या शोधाचा इतिहास होय.

वर्गवारीचे तीन निकष

टगची वर्गवारी तीन प्रश्नांच्या आधारे करता येते. तो कोठे आणि कोणते काम करतो? त्याचा पंखा कोठे आणि कोणत्या प्रकारचा आहे? त्याची ओढशक्ती किती?

खानदेशच्या वाचकाला हे भेद रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमगतील. भुसावळच्या यार्डात डबे इकडून तिकडे हलविणारे शंटिंग इंजिन, लांब पल्ल्याची मालगाडी ओढणारे इंजिन आणि मुंबईहून परतताना कसारा-इगतपुरीच्या ३७ ला १ अशा चढावर गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने, ही सारी इंजिनेच. पण एकाचे काम दुसऱ्याला शोभत नाही. बंदरातला टग हा शंटिंग इंजिनासारखा, सागरी टग मालगाडीच्या इंजिनासारखा आणि नदीतील ढकलनौका बँकरसारखी असते.

कामानुसार प्रकार

बंदरातील टग : जहाज धक्क्याला लावणे, सोडविणे आणि जागेवर वळविणे हे याचे काम. लांबी साधारणतः २४ ते ३२ मीटर, बांधा आखूड व रुंद. नाळेवर आणि कडेने जाड रबरी धक्कारोधक बसविलेले असतात, कारण त्याला ओढण्याइतकेच रेटण्याचेही काम असते.

सोबती टग : तेल किंवा द्रवरूप वायू वाहणाऱ्या जहाजाचे इंजिन अथवा सुकाणू चिंचोळ्या मार्गात निकामी झाले तर अनर्थ ओढवतो. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि त्यातील तेलाने किनारा माखला. त्यानंतर अशा जहाजांबरोबर टगची सोबत ठेवण्याची पद्धत दृढ झाली. सोबती टग जहाजाच्या पिछाडीला दोराने बांधलेला असतो व त्याच्या मागोमाग चालतो. गरज पडताच तो आपले अंग पाण्यात तिरके धरतो. वाहत्या पाण्याचा दाब त्याच्या बुडावर येतो आणि इंजिनाच्या जोराहूनही अधिक ताण दोरावर पडून जहाज वळते किंवा मंदावते. नदी ओलांडताना तिरक्या धरलेल्या नावेला प्रवाहच पैलतीराकडे नेतो, तशीच ही युक्ती आहे.

सागरी व बचाव टग : बंद पडलेली जहाजे, तरंगते तराफे, तेलविहिरींचे मंच शेकडो मैल ओढून नेणारे हे टग पन्नास ते सत्तर मीटर किंवा त्याहूनही लांब असतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचे जहाज आडवे रुतले. ते सोडविण्यासाठी गाळ उपसला गेला, भरतीची वाट पाहिली गेली आणि अनेक टग कामाला लागले. त्यांत सुमारे २८५ टन ओढशक्तीचा ‘एएलपी गार्ड’ हा सागरी टग होता.

नांगर हाताळणारे टग : मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात मंचांचे व तराफ्यांचे अवजड नांगर टाकणे, उचलणे आणि मंचांना रसद पुरविणे ही कामे यांच्याकडे असतात. पिछाडीच्या काठावर बसविलेला मोठा आडवा रूळ ही त्यांची खूण. नांगराचा साखळदंड त्यावरून सरकत वर येतो.

ढकलनौका : नद्यांमध्ये मालाचे सपाट तराफे एकमेकांना घट्ट बांधून मागून ढकलले जातात. ढकलनौकेची नाळ निमुळती नसते. ती चौकोनी व सपाट असून तिच्यावर दोन उभे भक्कम खांब असतात. पुढच्या तराफ्यांवरून पाहता यावे म्हणून सुकाणूघर उंच असते. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या वरच्या टप्प्यात एकेक ढकलनौका पंधरा तराफ्यांचा जथा घेऊन जाते आणि प्रत्येक तराफ्यात सुमारे १,४०० टन माल मावतो.

जोडनौका : तराफ्याच्या पिछाडीला ठेवलेल्या खाचेत टग शिरतो आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी खिळींनी तेथे अडकविला जातो. लाटांवर दोघे वर-खाली डोलू शकतात, तरी एकमेकांपासून सुटत नाहीत.

यांखेरीज पुष्कळ टगवर आगीशी झुंजण्याची सोयही असते. ‘फायफाय-१’ दर्जाच्या टगवर दोन जलतोफा असतात. प्रत्येक तोफ ताशी १,२०० घनमीटर पाणी फेकते. तो झोत १२० मीटर दूर व ४५ मीटर उंच पोहोचला पाहिजे, अशी अट आहे.

पंख्यानुसार प्रकार

टगचा खरा स्वभाव ठरतो तो पाण्याखाली. पंखा, म्हणजे प्रोपेलर, आणि दोर बांधण्याची जागा यांच्या परस्परसंबंधावर टगची क्षमता आणि सुरक्षितता अवलंबून असते.

पारंपरिक टग : पिछाडीला एक किंवा दोन पंखे, त्यांच्यामागे सुकाणू आणि नौकेच्या मध्याच्या किंचित मागे दोर अडकविण्याचा आकडा, अशी याची रचना. सरळ ओढण्यात तो चांगला. मात्र आडवे सरकणे त्याला जमत नाही आणि दिशा बदलायला त्याला वळसा घ्यावा लागतो. पंख्याभोवती नळीसारखे कडे बसविले तर कमी वेगात त्याचा जोर सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो. लुडविग कोर्ट या जर्मन अभियंत्याने १९३० च्या दशकात ही नळी रूढ केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

ट्रॅक्टर टग : यात जोर देणारी यंत्रणा नौकेच्या पुढच्या भागात, बुडाखाली असते आणि दोर पिछाडीला बांधतात. बैल पुढे आणि गाडी मागे, तसा हा प्रकार. एर्न्स्ट श्नायडर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२० च्या दशकात शोधलेली आणि फोइट या जर्मन कंपनीने विकसित केलेली यंत्रणा यात बहुधा वापरतात. नौकेच्या बुडाशी एक आडवी तबकडी फिरते. तिच्यातून चार ते सहा पाती खाली लोंबतात आणि फिरता फिरता आपला कोन बदलतात. त्यामुळे सुकाणूशिवाय कोणत्याही दिशेला, क्षणात, जोर लावता येतो. उथळ पाण्यात या पात्यांना इजा होऊ नये म्हणून खाली पोलादी पत्रा असतो.

फिरत्या पंख्यांचा टग : आज जगातील बंदरांतून सर्वाधिक आढळणारा हा प्रकार ‘एएसडी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पिछाडीला दोन पंखे असतात आणि प्रत्येक पंखा आपल्या नळीसह उभ्या अक्षाभोवती पूर्ण ३६० अंशांत फिरतो. सुकाणू वेगळे लागत नाही. मुख्य दोर नाळेवरील विंचवरून जहाजाला जातो आणि टग जहाजाकडे तोंड करून, मागे सरकत, ओढतो. रेटायचे झाल्यास दोर न सोडता तोच टग पुढे येऊन रेटतो.

रोटर टग : दोन फिरते पंखे पुढे व एक मागे, असे त्रिकोणात तीन पंखे असलेला हा प्रकार १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पुढे आला. आडवे सरकण्यात तो विशेष चपळ असतो.

ओढशक्तीचे माप

टगची कुवत त्याच्या लांबीवरून किंवा इंजिनाच्या अश्वशक्तीवरून पुरेशी कळत नाही. त्यासाठी ‘बोलार्ड पुल’ हे माप वापरतात. बोलार्ड म्हणजे धक्क्यावरील दोर बांधण्याचा पोलादी खुंट. शांत व पुरेशा खोल पाण्यात टग लांब दोराने या खुंटाला बांधतात, इंजिने पूर्ण जोराने चालवितात आणि दोरावरील ताण मापकाने मोजतात. तो टनांमध्ये सांगितला जातो. नळी असलेल्या फिरत्या पंख्यांच्या टगमध्ये दर १०० अश्वशक्तीमागे साधारणतः सव्वा टन ओढ मिळते, असा ढोबळ आडाखा आहे. ५,००० अश्वशक्तीचा टग म्हणूनच ६० टनांच्या आसपास भरतो. समान अश्वशक्तीचे दोन टग, एक नळीसह आणि एक नळीविना, ओढीत बरेच वेगळे ठरू शकतात. टग भाड्याने घेताना करारात अश्वशक्तीऐवजी ओढशक्तीचा आग्रह धरतात तो याच कारणाने.

पाहताक्षणी ओळखण्याच्या खुणा

दिवसा टग पाहताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, विंच किंवा आकडा कोठे आहे? नाळेवर भला मोठा विंच असेल तर तो बहुधा फिरत्या पंख्यांचा टग. दोर पिछाडीवरून जात असेल आणि सुकाणूघर पुढे असेल तर ट्रॅक्टर टग. मध्यभागी उघडा आकडा असेल तर पारंपरिक टग. दुसरी गोष्ट नाळेचा आकार. जाड रबराने मढविलेली गोलसर नाळ रेटण्याच्या कामाची, उंच व टोकदार नाळ खोल समुद्राच्या लाटांची, चौकोनी नाळ नदीतील ढकलण्याची. तिसरी गोष्ट पिछाडीचे डेक. लांब, मोकळे आणि पाण्याला टेकल्यासारखे डेक सागरी टगचे. त्याच्या काठावर रूळ असेल तर तो नांगर हाताळणारा. चौथी गोष्ट सुकाणूघर. चहूबाजूंनी काचा असलेले, मध्यावरील सुकाणूघर सांगते की या टगच्या चालकाला पुढे आणि मागे सारख्याच सहजतेने पाहावे लागते.

रात्री दिव्यांची भाषा वाचावी लागते. समुद्रातील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. त्यांनुसार मागे काही ओढून नेणारी यांत्रिक नौका डोलकाठीवर एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे लावते. टगच्या पिछाडीपासून ओढल्या जाणाऱ्या वस्तूच्या शेवटापर्यंतचे अंतर २०० मीटरपेक्षा अधिक असेल तर असे तीन दिवे लागतात. पिछाडीच्या पांढऱ्या दिव्यावर एक पिवळा दिवाही असतो. ढकलणाऱ्या किंवा कडेला बांधून नेणाऱ्या नौकेला दोन पांढरे दिवे असतात, पिवळा दिवा नसतो. लांब ओढ असेल तर दिवसा चौकटच्या आकाराची काळी खूण वर चढवितात. रात्री मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांसाठी ही माहिती जिवाच्या मोलाची आहे. टग आणि त्याच्या मागचा तराफा यांच्या मधून होडी घातली, तर पाण्याखाली ताणलेल्या पोलादी दोराने ती उलटू शकते.

चुकीची निवड, मोठी किंमत

टगवरील माणसांना सर्वांत मोठे भय असते ते दोराच्या आडव्या ओढीचे. पारंपरिक टगचा दोर मध्यावर बांधलेला असतो. जहाजाचा वेग अचानक वाढला किंवा ते वळले, तर दोर टगच्या कुशीकडून ताणला जातो. टग आडवा होतो, आणि दोर वेळेत सुटला नाही तर काही सेकंदांत उलटतो. याकरिता झटक्यात सुटणारा आकडा असावा लागतो आणि ओढीचा बिंदू पिछाडीकडे खेचून धरणारा आडदोर लावावा लागतो. ट्रॅक्टर टग व फिरत्या पंख्यांच्या टगमध्ये हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण त्यांचा दोर नौकेच्या टोकाशी असतो आणि नौका ओढीच्या दिशेला आपोआप वळते.

दोर सुटण्याचे परिणाम मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत. जून २०११ मध्ये कोलंबोहून अलंगच्या जहाजतोडणी केंद्राकडे ओढून नेले जात असलेले ‘एमव्ही विस्डम’ हे जहाज दोर तुटल्यामुळे भरकटले आणि जुहूच्या वाळूत येऊन रुतले. स्वतःचे इंजिन न चालणारे जहाज पावसाळी समुद्रात एका दोराच्या भरवशावर असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. याहून भयंकर प्रसंग १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात ओढवला. तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा २६१ माणसे असलेला निवासी तराफा नांगर सुटून भरकटला आणि बुडाला. त्याच वादळात ‘वरप्रदा’ हा टगही बुडाला. त्यावरील तेरांपैकी दोघेच वाचले. नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून शेकडो माणसे वाचविली, तरी दोन्ही दुर्घटनांत मिळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. निवासी तराफ्याला स्वतःचे इंजिन नसते. वादळाची सूचना आल्यावर पुरेशा ओढशक्तीचा टग वेळेत मिळणे हाच त्याचा सुरक्षिततेचा मार्ग असतो. टगची वर्गवारी, ओढशक्तीचे प्रमाणपत्र आणि हवामानाचा अंदाज हे कागदी सोपस्कार समजले जाऊ नयेत, हा या घटनेचा धडा आहे.

तापीवर कोणता टग चालेल?

खानदेशचा टगशी संबंध निर्यातीपुरताच मर्यादित नाही. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी सुरतेजवळ खंबायतच्या आखाताला मिळते. तेथील हजिरा बंदरात २००५ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे येतात. या आखातातील भरती-ओहोटीचे प्रवाह फार प्रबळ आहेत. अशा प्रवाहात वायूवाहू जहाज सांभाळण्यासाठी फिरत्या पंख्यांचे शक्तिमान टगच लागतात. जळगाव-धुळ्याचे पाणी पोटात घेऊन वाहणारी नदी अखेर टगांच्याच कार्यक्षेत्रात विसर्जित होते.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत तापीला शंभरावा क्रमांक मिळाला. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणापासून खंबायतच्या आखातापर्यंत या जलमार्गाची लांबी ४३६ किलोमीटर आहे. कागदावर ही रेषा आकर्षक दिसते. तथापि तिच्यावरील अडथळेही लक्षात घेतले पाहिजेत. धुळे जिल्ह्यातील सुलवाडे, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधारे आणि गुजरातमधील उकाई व काकरापार यांनी नदी पायऱ्यापायऱ्यांत विभागली आहे. जलपाश उभारल्याशिवाय नौका एका पायरीवरून दुसरीवर जाऊ शकत नाही. शिवाय पावसाळ्यात महापूर आणि उन्हाळ्यात रोडावलेली धार, हा तापीचा स्वभाव आहे. तिचे साठलेले पाणी आधी पिण्यासाठी व शेतीसाठी हवे असते.

अशा नदीत कोणती नौका योग्य ठरेल याचे उत्तर वरील वर्गवारीतच आहे. बंदरातील टगला चार-पाच मीटर खोल पाणी लागते. तो येथे निरुपयोगी. सागरी टगचा तर प्रश्नच नाही. बंधाऱ्यांच्या फुगवट्यातील शांत पाण्यात वाळू उपसा यंत्रे, पूल बांधणीचे तराफे किंवा माल हलवायचा झाल्यास उथळ बुडाची, पंखे बुडाच्या बोगद्यात लपविलेली, सपाट नाळेची ढकलनौकाच उपयोगी पडेल. नदीच्या एकेका टप्प्यापुरता विचार करताना हीच दिशा व्यवहार्य दिसते.

हरित टगकडे

टग दिवसातून पुष्कळ वेळ इंजिन चालू ठेवून उभा असतो आणि मधूनच काही मिनिटे पूर्ण जोर लावतो. या पद्धतीत डिझेल बरेच वाया जाते आणि धूर शहरालगतच्या बंदरात साठतो. परंतु टग रोज आपल्या धक्क्याला परततो, त्यामुळे विजेवर भारित होणाऱ्या बॅटरीसाठी तो सोयीचाही ठरतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदराने २०२२ साली ७० टन ओढशक्तीचा पूर्ण विद्युत टग कामाला लावून हे सिद्ध केले. भारतात केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टग संक्रमण कार्यक्रम जाहीर केला. पहिल्या टप्प्यात २०२७ अखेरपर्यंत जवाहरलाल नेहरू, दीनदयाल, पारादीप आणि व. उ. चिदंबरनार या चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन हरित टग घ्यावेत, असे ठरले. खानदेशची केळी ज्या बंदरातून परदेशी जातात, त्याचा या चारांत समावेश आहे.

टगची बांधणी, दुरुस्ती आणि चालन या क्षेत्रांत कुशल माणसांची गरज असते. इंजिन, जलदाब यंत्रणा, विद्युत नियंत्रण आणि जोडकाम ही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकविली जाणारी कौशल्ये टगवर जशीच्या तशी उपयोगी पडतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भुसावळ, जळगाव, धुळे येथील तरुणांनाही हे दार बंद नाही. बागेतील घडाचा प्रवास ट्रकवर सुरू होतो आणि बंदराबाहेर टगचा दोर सुटतो तेव्हा तो खऱ्या अर्थाने समुद्राला लागतो. त्या दोराच्या दोन्ही टोकांना काय असते हे जाणून घेणे, निर्यातीवर आशा ठेवणाऱ्या मुलखाच्या हिताचेच आहे.